भाव नसलेला माल

भंगाराच्या दुकानात बसणाऱ्या बाईची नजर बिघडते, असं माझ्या नणंदबाई म्हणतात. एका लग्नात सगळ्या जणी नवरीच्या शालूचा पोत बघत होत्या आणि मी मांडवाच्या कडेला रचलेले पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स मोजत होते, हे त्यांनी पकडलं. मला त्यात बिघडण्यासारखं काही वाटत नाही. शालूचा भाव मला कळत नाही, बाटलीचा कळतो.

माझं माहेर किनवटचं. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, तोवर किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. मग ते मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेलं, आदिलाबाद आंध्रात गेलं, २०१४ मध्ये तेलंगणात आलं आणि २०१६ मध्ये जिल्ह्याचेच चार तुकडे झाले. सोयरिकी मात्र जुन्याच रस्त्यांनी होत राहिल्या. माझी आत्या अशीच इकडे आली, नंतर मी. जमवाजमव चालू असताना मुलाकडचा धंदा 'लोखंडाचा व्यापार' असा सांगितला होता, आणि तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं. आदिलाबादला येऊन पाहते तर अंगणात सायकलींचे सांगाडे, फुटक्या बादल्या, रद्दीचे गठ्ठे आणि मधोमध वजनकाटा. बारावी झालेली सून म्हणून मामंजींनी मला वही दिली आणि काट्यापाशी बसवलं. वही राहिली बाजूला, आधी माल ओळखायला शिकावं लागलं.

बीड फुटतं, पोलाद वाकतं. तांब्याची तार खरवडून बघायची, आत पांढरं निघालं तर मुलामा. प्लॅस्टिकचं प्रकरण अवघड. ते आधी नखाने, मग आवाजाने आणि शेवटी काडीने ओळखायचं. पिशवीचं प्लॅस्टिक जळताना मेणबत्तीचा वास येतो. नळाच्या पाइपाचा तुकडा पेटवला की घशात असं काही बसतं की पुन्हा पेटवायची इच्छा होत नाही. बादली, खुर्ची, तेलाचा डबा, दुधाची पिशवी, पाण्याची बाटली यांचे ढीग वेगवेगळे आणि भावही वेगवेगळे. हे ढीग एकमेकांत मिसळले की सगळ्यांचा भाव सर्वांत स्वस्त मालावर येतो. म्हणून आमच्या धंद्याचा अर्धा नफा छाटणीत असतो, आणि छाटणी बायका करतात.

सकाळी आठच्या आत वेचणाऱ्या बायका येतात. पोतं त्यांच्या डोक्यावर केवढं मोठं दिसतं आणि काट्यावर ठेवलं की काटा जेमतेम हलतो. लिटरची पाण्याची बाटली रिकामी असताना वीस ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे किलोला पन्नास. किलोला आम्ही वीस रुपयांच्या मागेपुढे देतो, बाजार चढला तर थोडं वर. एका बाटलीचे झाले चाळीस पैसे. म्हणून काही जणी तळाच्या बाटल्यांत घोटभर पाणी राहू देतात, एखादी ओली वाळू घालते. मी बाटली कानाशी नेऊन हलवते. ती दुसरीकडे बघते. यात रागावण्यासारखं काही नाही. शंभर बाटल्यांसाठी ती शंभर वेळा वाकलेली असते, मी एकदाही वाकत नाही.

गाठी बांधून हा माल हैदराबादच्या बाजूला जातो. तिथे बाटलीचे तुकडे करून धुतात. झाकणाचं प्लॅस्टिक पाण्यावर तरंगतं, बाटलीचं बुडतं; त्यामुळे हाताने न निवडता दोन्ही वेगळी होतात. पुढे त्या तुकड्यांचा धागा होतो, पॉलिस्टरचा. आदिलाबाद तर कापसाचा जिल्हा. दिवाळीच्या सुमाराला मार्केट यार्डाकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि तिच्या कडेकडेने आमचा बाटल्यांचा टेम्पो निघतो. दोन्ही जाऊन एखाद्या शर्टाच्या सुतात भेटणार. हे मी एकदा रांगेतल्या एका कास्तकाराला हौसेने सांगितलं. तो हसला नाही.

एवढं सगळं आधी सांगितलं, कारण कुंटाला धबधब्यावर जे झालं ते मी याच नजरेने पाहिलं. दुसरी कोणी बाई असती तर 'किती घाण करतात लोकं' म्हणून मोकळी झाली असती. तेही खरंच आहे, पण तेवढ्यावर माझं समाधान होत नाही.

पोळ्याची कर होती. त्या दिवशी दुकान बंद असतं. नणंदबाई नांदेडहून पोळ्याला आल्या होत्या. त्यांचे मालक, दोन मुलं, आमची मुलगी, सासूबाई, मी आणि हे. एका ओळखीच्या माणसाची मोठी गाडी घेतली. डब्यांत धपाटे, दही, मिरचीचा ठेचा आणि आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या. सासूबाईंनी लग्नानंतर कधीतरी कुंटाला पाहिला होता आणि तिथल्या एका सपाट खडकाचं वर्णन आम्ही अनेकदा ऐकलं होतं. त्या खडकावर बसून जेवायचं, असा बेत होता.

गुडीहत्नूर, इच्चोडा, नेरडिगोंडा. चव्वेचाळीस नंबरचा हायवे गुळगुळीत आहे, दोन्ही बाजूंना कापूस आणि सोयाबीन, मग सागाचं जंगल सुरू होतं. नेरडिगोंड्याहून आत वळलं की बाराएक किलोमीटरवर धबधबा. कडेम नदी इथे दीडशे फुटांच्या आसपास खाली येते, टप्प्याटप्प्याने, काळ्या खडकावरून. तेलंगणातला सर्वांत उंच धबधबा म्हणून याचं नाव घेतात. कपारीत सोमन्नाचं, म्हणजे शंकराचं स्थान आहे आणि महाशिवरात्रीला आजूबाजूच्या गावांतले लोक तिथे दर्शनाला लोटतात. खालच्या डोहांनी पुष्कळ जीव घेतलेत. दरसाल पावसाळ्यात एखादी तरी बातमी येते, आणि बुडालेला बहुतेक वेळा विशीतला मुलगा असतो.

करीचा दिवस, त्यामुळे गर्दी आमच्या अंदाजाच्या दुप्पट. यवतमाळच्या गाड्या, नांदेडच्या गाड्या, निर्मलच्या, हैदराबादच्या. वर गाड्या लावायच्या जागी भुट्टे भाजणारे, चहावाले, चिप्सच्या माळा लटकवलेली दुकानं. तिथली जमीन बरी होती. मी सवयीने पाहिलं, तिथे पाण्याच्या बाटल्या जवळपास नव्हत्याच. म्हणजे कोणीतरी वेचणारं इथवर येतं, हे मला तिथेच कळलं. बियरच्या अख्ख्या बाटल्याही नव्हत्या. त्यांना नगावर भाव मिळतो.

पायऱ्या उतरायला लागलो तसा माल बदलला. चारशेच्या घरात पायऱ्या आहेत. पहिल्या शेपन्नास पायऱ्यांच्या कडेला पाकिटं: चिप्सची, कुरकुऱ्यांची, बिस्किटांची, गुटख्याच्या पुड्या, आणि आमच्या भागात दोन-पाच रुपयांना मिळणारी ती पाण्याची पाकिटं, दाताने कोपरा तोडलेली. अजून खाली गेलं की पाण्याच्या बाटल्या दिसायला लागल्या, आधी तुरळक, मग झुडपाझुडपांत. अगदी खाली, खडकांवर, सगळंच. चकचकीत कागदाच्या ताटल्या, बिर्याणीचा भात, पिवळ्या पडलेल्या पिशव्या आणि फुटलेली काच. बाटली रिकामी झाली की ती खडकावर फोडण्यात काही माणसांना कसला आनंद मिळतो, ते मला कधी कळलेलं नाही. अख्खी असती तर तिचे दोन पैसे आले असते. फुटली की तिला हात लावायलाही कोणी तयार होत नाही.

सासूबाईंचा खडक सापडला. तो खरंच सपाट होता आणि वर जांभळाची सावली होती. खडकाच्या खोबणीत गुंडाळी करून कोंबलेली बाळाची डायपरं होती, एक नाही, बरीच. पावसाने भिजून फुगलेली. सासूबाईंनी पदर नाकाला लावला.

"माय वो! इथं कोन जेवते?"

नणंदबाईंनी दुसरी जागा शोधली, तिथे काच. तिसऱ्या जागी माकडं बसून पाकिटं फाडत होती. मुलांना पाण्यात पाय सोडायचे होते; नणंदबाईंच्या धाकट्याला आम्ही बुटांसकट उभं केलं, तेही काठावर. तो रडकुंडीला आला. बूट घालून पाण्यात उभं राहण्यात काय मजा, हा त्याचा प्रश्न रास्त होता.

इकडे ह्यांचा हात सुरू झाला होता. ह्यांना ते कळतही नसावं. बाटली दिसली की उचलायची, पायाखाली आडवी दाबायची, हवा निघाली की झाकण घट्ट लावायचं, म्हणजे ती पुन्हा फुगत नाही आणि एका पोत्यात दुप्पट मावतात. एक रिकामी पिशवी होती, ती भरायला लागली.

"दादा, लोकं बघायलेत," नणंदबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी तरी."

लोक खरंच बघत होते. धुवट शर्ट घातलेला, बायकामुलांबरोबर आलेला माणूस कचरा का उचलतो, हे त्यांना लागेना. मग त्यांनी आपापल्या परीने उलगडा करून घेतला. गॉगल लावलेल्या पोरांचा एक घोळका बसला होता, त्यातल्या एकाने हात लांबवून रिकामी बाटली पुढे केली. "अंकल, ये भी ले लो." आवाजात उद्धटपणा नव्हता, उलट मदत केल्याचा भाव होता. ह्यांनी घेतली, दाबली, पिशवीत टाकली. मग आणखी एकाने दिली. मग कोणीतरी "इकडे पण आहेत" म्हणून बोट दाखवलं. पाच मिनिटांत त्या सगळ्या काठावर हे सफाईवाले झाले होते. नणंदबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांच्या मालकांनी मोबाइल काढला आणि धबधब्याचे फोटो घ्यायला लागले, म्हणजे आमच्याकडे बघावं लागू नये.

आपल्याकडे कचरा करणाऱ्याची मान कधी खाली जात नाही, उचलणाऱ्याची जाते. माझ्या दारात येणाऱ्या बायका हे रोज सोसतात आणि मी रोज बघते. त्या दिवशी ते घरच्या माणसाच्या वाट्याला आलं, एवढाच फरक. ह्यांना मात्र काही वाटलेलं दिसलं नाही. ज्या माणसाने पंधराव्या वर्षापासून हातगाडी ढकलली, त्याला ओळख लपवायची सवयच नसते.

तेवढ्यात एक लहान मुलगी आली, सहा-सात वर्षांची. तिने मोठ्यांचं पाहिलं होतं. तिच्या हातात चिप्सचं रिकामं पाकीट होतं, ते तिने ह्यांच्यापुढे धरलं. हे सवयीनेच म्हणाले, "ये नहीं चलता, बेटा." दिवसातून कितीदा तरी आमच्या काट्यावर हे वाक्य बोललं जातं. मुलगी थोडा वेळ पाकीट धरून उभी राहिली. आई-बाप लांब होते, डबा कुठे नव्हता. मग तिने ते पाकीट हळूच खडकावर ठेवलं, वर एक छोटा दगड ठेवला, उडू नये म्हणून, आणि पळाली.

तिथल्या ढिगाचं गणित मला त्या दगडाशी उलगडलं. काठावर पडलेलं सगळं दोन भागांत वाटता येत होतं. एका भागाला मुळातच भाव नाही: पाकिटं, डायपरं, चकचकीत ताटल्या. दुसऱ्या भागाला वर गावात भाव आहे, पण चारशे पायऱ्या खाली तो उरत नाही. दोन किलो बाटल्या, म्हणजे शंभर नग, पायऱ्या चढवून वर नेल्या तर हातात येणार चाळीस रुपये. रोजगार हमीच्या कामावर दिवसाला तीनशेच्या वर मिळतात. कोण उतरेल? म्हणून वेचणाऱ्या बायका पार्किंगपर्यंत येतात आणि तिथून परत जातात. त्यांच्या हिशेबात चूक नाही.

डोहाजवळ फेसाच्या कडेला निळी, पांढरी, हिरवी झाकणं गोल फिरत होती. झाकणं एवढी आणि बाटल्या थोड्या, हे पाहून आमच्या मुलीने विचारलं, बाकीच्या कुठे गेल्या? झाकण उघडं राहिलं की बाटलीत पाणी शिरतं, आणि ते प्लॅस्टिक पाण्यापेक्षा जड. हैदराबादच्या धुण्याच्या हौदात जे होतं तेच इथे होत असणार. म्हणजे डोहाच्या तळाशी काय साचलंय ते काठावरून दिसणारच नाही. पुढे ही नदी निर्मल जिल्ह्यात कडेम धरणात जाते. जुलै २०२२ च्या पुरात त्या धरणात त्याच्या ताकदीपलीकडे पाणी आलं होतं आणि दरवाजांकडे सगळ्या जिल्ह्याचे डोळे लागले होते. असा पूर डोह खरवडून नेतो. नेऊन टाकतो खालच्यांच्या अंगणात.

जेवण शेवटी गाडीत झालं, हायवेच्या कडेला, ट्रकांच्या हॉर्नमध्ये. धपाटे चांगले झाले होते, पण कोणी तसं म्हणालं नाही. नणंदबाईंच्या मालकांनी विषय काढला, लोकांना वळण राहिलं नाही, पूर्वी असं नव्हतं. सासूबाई दही कालवता कालवता म्हणाल्या, "आमीबी तिथंच टाकलं होतं नं सारं." त्या वेळी बैलगाडीने आले होते म्हणे, दोन मुक्काम करून. पळसाच्या पत्रावळी, द्रोण, पानात बांधलेली भाजी, मातीचं मडकं. जेवून झाल्यावर सगळं त्याच खडकाच्या मागे सारलं आणि निघाले. गुरांनी पत्रावळी खाल्ल्या, मडक्याची खापरं झाली. कोणी कोणाला वळण लावलं नव्हतं. जेवलं की पान मागे टाकायचं, हीच रीत होती आणि अजूनही आहे. पान बदललं, हात तोच राहिला.

हे मला वर्तमानपत्रांतल्या सगळ्या मजकुरापेक्षा पटलं. आपण बिघडलो म्हणावं तर सुधारण्याचा एकच उपाय उरतो, उपदेश. कुंटाल्यालाही ठिकठिकाणी तो रंगवलेला आहे, तेलुगूत आणि इंग्रजीत. त्यातल्या एका पाटीखाली ढीग इतरांपेक्षा मोठा होता. पाटी दिसली की लोकांना ती कचऱ्याची जागा वाटते, असा माझा संशय आहे.

बंदीचंही आम्ही काट्यावर बसून पाहिलंय. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी निघाली तेव्हा किनवटच्या दुकानांतून पिशव्या गायब झाल्या आणि सीमेच्या अलीकडे त्या तशाच मिळत होत्या. काही दिवस माझा भाऊ आमच्याकडून जाताना पिशव्या घेऊन जायचा. त्याच नियमांत पाण्याच्या बाटलीवर रुपया-दोन रुपये अनामत घ्यायची आणि बाटली परत आली की द्यायची, अशी तरतूद होती. मला ती फार आवडली होती. चाळीस पैशांच्या मालाला एकदम रुपयाची जोड मिळणार होती. भावाला म्हटलं, दुकानात विचारून बघ. दुकानदार म्हणाला, आधी कंपनी मला देईल का ते विचारा. ती तरतूद चाललीच नाही. पुढे १ जुलै २०२२ पासून सगळ्या देशात एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली: चमचे, काटे, ग्लास, ताटल्या, स्ट्रॉ. आमच्याकडे या वस्तू तशाही फारशा येत नव्हत्या. चिप्सच्या पाकिटाला आणि पाण्याच्या बाटलीला त्या यादीत कोणी हात लावला नाही.

अनामत चालते, हे मात्र खरं आहे. निलगिरीच्या डोंगरांत दारूच्या फुटक्या बाटल्यांनी जंगली जनावरांचे पाय कापले जात होते, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने तिथल्या सरकारी दारूदुकानांना बाटलीमागे दहा रुपये जादा घेऊन बाटली परत आणली की ते द्यायला लावले. मे २०२२ पासून ते सुरू झालं. दहा रुपये म्हटल्यावर पिणाऱ्यालाही बाटली जपून ठेवावीशी वाटते, आणि त्याने टाकली तरी उचलणारा धावत येतो. बाटली खडकावर फोडायचा आनंद दहा रुपयांना महाग पडतो. आमच्या धंद्यातल्या कुठल्याही पोराला विचारलं असतं तर त्याने हा उपाय न्यायालयाशिवाय सांगितला असता.

पुढच्या पावसाळ्यात ह्यांनी एक उद्योग केला. आमचा टेम्पो इच्चोड्याला माल घ्यायला जातोच. ह्यांनी कुंटाल्याच्या वरच्या भुट्टेवाल्याकडे कांद्याची जाळीची पोती ठेवली आणि सांगितलं, बाटल्या भरून ठेव, नेहमीच्या भावावर किलोला थोडे जास्त देऊ. त्याची पोरं आणि शेजारच्या पाड्यावरची पोरं रविवारी संध्याकाळी गर्दी ओसरली की उतरायची. पहिल्या महिन्यात पोती भरभरून आली, जुना साठा होता. मग कमी झाली. आम्ही जाऊन पाहिलं, पायऱ्यांवर पाण्याची बाटली औषधालाही नव्हती. मला क्षणभर फार बरं वाटलं. या व्यवहारात आम्हाला नफा म्हणाल तर डिझेलचा काही भाग निघाला. इच्चोड्याची फेरी नसती तर तेही जमलं नसतं, म्हणून मी याला समाजसेवा वगैरे म्हणत नाही, आणि दुसऱ्याने करावं असंही सांगत नाही.

पाकिटं होती तिथेच होती. बाटल्या गेल्यामुळे ती उलट जास्त दिसायला लागली.

भुट्टेवाल्याच्या बायकोने ती एका पोत्यात भरून ठेवली होती. कोणी सांगितलं नव्हतं. दुकानासमोर घाण दिसली की गिऱ्हाईक पुढच्या ठेल्यावर जातं, एवढं तिला पुरे होतं. तिने पोतं आमच्यासमोर आणून टेकवलं. "अक्का, और ये पाकिटाँ? इनका क्या देते?"

चिप्सचं पाकीट आतून चंदेरी असतं, ते प्लॅस्टिकवर चढवलेल्या अॅल्युमिनियमच्या पातळ थरामुळे. त्यावर आणखी एक प्लॅस्टिक, मधे चिकटद्रव्य आणि शाई. आमच्या छाटणीचा सगळा जोर वेगळं करण्यावर, आणि ही वस्तू वेगळी होऊच नये अशी बनवलेली. चिप्स कुरकुरीत राहावेत म्हणून ते लागतं म्हणतात, राहतातही. ती वितळवून नवं काही करायला आमच्या ओळखीत कोणी तयार नाही. जाळायचीच तर सिमेंटच्या भट्टीत जाळतात. तिथे चौदाशे अंशांच्या वर उष्णता असते, कोळशाच्या जोडीने ही पाकिटंही जळतात. बेल्याच्या रस्त्याने राज्याची सीमा ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरच्या बाजूला सिमेंटचे कारखानेच कारखाने आहेत. म्हणजे भट्टी आमच्यापासून लांब नाही.

२०२२ च्या नियमांनी पाकीट विकणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून मार्गी लावायची जबाबदारी टाकली आहे, आणि त्यासाठी पैसे मोजले जातात, हे मला माहीत होतं. म्हणून असा माल गोळा करून भट्टीकडे पाठवणाऱ्या एका माणसाचा नंबर मिळवून फोन केला. तो चांगलं बोलला. म्हणाला, घेऊ ना. नोंदणी हवी, ती करून घ्या. माल ट्रकभर झाला पाहिजे, पोत्या-दोन पोत्यांसाठी गाडी येणार नाही. त्यात माती नको, खरकटं नको. आणि ओला चालत नाही, वजनात पाणी मोजलं जातं.

मी त्याला सांगितलं की ही पाकिटं धबधब्यावरची आहेत आणि तिथे बहुतेक लोक पावसाळ्यातच येतात.

"वाळवून पाठवा मग, ताई," तो म्हणाला.

आमच्या अंगणात ट्रकभर चिप्सची पाकिटं पसरून वाळवायची, तीही भादव्यात, आणि त्या पोरांना किलोला काय भाव द्यायचा, ते मी अजून वहीत लिहिलेलं नाही. ह्यांचं म्हणणं, चार रुपये दिले तरी पोरं उतरतील. मी म्हणते, चार रुपये कोणाच्या खिशातून? इच्चोड्याची फेरी या आठवड्यात पुन्हा आहे, आणि भुट्टेवाल्याच्या बायकोचे दोन फोन येऊन गेलेत.